‘तात्पुरते दोन’ नावाचं टेबल

सोमवार, ४ मार्च

शाळा सुटल्यापासून डायरी लिहिली नव्हती. आज लिहावीशी वाटली, कारण बऱ्याच वर्षांनी एखादं काम हातात घेताना आनंद झाला. तो कुणाला सांगायचा तर आधी सगळं समजावून द्यावं लागतं. वहीला समजावलं तर ती निदान जांभई देत नाही.

चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, ती आमची कंपनी. मी, माझा नवरा आणि तात्या. नवऱ्याला इथं नुसतं ‘हा’ म्हणणार, बोलतानाही तसंच म्हणते. तात्या आमच्याहून वयानं लहान, पण प्रत्येक गोष्टीत त्याला धोका आधी दिसतो, म्हणून तात्या. हा बाहेरचं बघतो: गिऱ्हाईक, करार, बैठका. आतलं सगळं माझ्याकडे. गिऱ्हाईक म्हणाल तर एकच मोठं. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी एक संस्था. त्यांच्या नर्सेस सकाळी मोबाइलवर आमचं पान उघडतात. आज कुणाकडे जायचं, कुठली गोळी किती द्यायची, ते त्या पानावर दिसतं.

आता या सगळ्याच्या पोटात एक डेटाबेस आहे, त्यात टेबलं आहेत, आणि त्या टेबलांशी बोलणारा कोड आम्ही इतकी वर्षं जिथं गरज पडली तिथं लिहीत गेलो. पानात, बटणामागे, एक तर पानाच्या माथ्यावरचं बोधचिन्ह दाखवणाऱ्या फाइलीत. घरात मीठ चपलांच्या कपाटात आणि कात्री फ्रिजमध्ये असावी, तसं. राहणाऱ्याला सापडतं, पाहुण्याला वेड लागेल. आता हा कोड ज्या नव्या साच्यात, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, हलवायचा आहे, तिथं याला ठरलेली जागा असते. प्रत्येक टेबलाची स्वतःची एक फाइल, तिला मॉडेल म्हणतात. त्या टेबलाशी बोलायचं ते तिच्यामार्फतच. सगळी मॉडेलं एका फोल्डरात. टेबलांत केलेले बदल दुसऱ्या फोल्डरात, तारखेच्या क्रमानं.

एक मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायचं म्हणते आहे. हा सकाळी म्हणाला, “घर बघायला माणसं येणार आहेत. पसारा आवर.” मी म्हटलं, वर्षानुवर्षं हेच मागत होते की. तर हसला. कागदांवर निम्मी भागीदार मी आहे, त्यामुळे शेवटी माझीही सही लागेल, नुसती औपचारिकता, असंही म्हणाला.

शुक्रवार, ८ मार्च

दिवसभर कोडमधून टेबलांची नावं शोधत फिरले. ‘रुग्ण’, मग ‘रुग्ण_नवीन’, मग ‘रुग्ण_नवीन_खरं’. तात्या म्हणाला, पुढचं ‘रुग्ण_शपथेवर’ असेल. खूप दिवसांनी दोघं मनापासून हसलो.

काही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, मीच लिहिलेल्या, आणि वाचून लाज वाटावी अशा. पण एक गोष्ट आम्ही दोघांनी सुरुवातीपासून पाळली आहे. डेटाबेसच्या स्वतःच्या पोटात कधी काही लिहायचं नाही. तिथं आज्ञा लिहून ठेवता येतात. अमुक टेबलात ओळ आली की आपोआप तमुक कर, असं. ट्रिगर म्हणतात त्याला. कोडमध्ये कितीही शोधा, तो दिसत नाही, म्हणून आम्ही तो वर्ज्य केला. लग्न झाल्या झाल्या, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ठरवलेला नियम आहे तो. त्यामुळे शोधायचं ते फक्त फाइलींत. निम्मं काम वाचलं.

गुरुवार, १४ मार्च

संस्थेच्या कचेरीत जाऊन आले. मेट्रनबाई नेहमीसारख्या ताठ. कामाची माहिती दिली तर म्हणाल्या, “माझ्या पोरींना सकाळी पान उघडलं पाहिजे. बाकी तुम्ही काय कुठं ठेवता ते तुमचं तुम्ही बघा.”

फोनवरच्या ताईंजवळ थोडा वेळ बसले. डॉक्टरांचे, घरच्यांचे फोन त्या घेतात आणि औषधातला बदल लगेच नोंदवतात. आज फोनवर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पलीकडे कुणी आजोबा होते. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली, आता नर्स निघाली की दारातून ओरडतात, आधी आरशात बघ. पोरी त्यांना आरसाकाका म्हणतात. ताईंच्या पडद्यावर एक छोटी निळी खिडकी होती. म्हटलं, यांच्याकडे अजून आपलं जुन्या रंगाचं पान चालतंय वाटतं, बदलून द्यायला हवं. लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही.

बुधवार, २० मार्च

मालक नसलेली टेबलं वेगळी काढली. म्हणजे जी डेटाबेसमध्ये आहेत, पण कोडमध्ये त्यांचं नाव कुठंच येत नाही. बहुतेक जुनी मढी. एकाचं नाव ‘तात्पुरते_२’. ‘तात्पुरते_१’ कुठं गेलं देव जाणे. आत एकही ओळ नाही. तयार झालंय चार वर्षांपूर्वी, मी आईच्या दुखण्यात तिच्याकडे राहत होते त्या काळात.

हा दाढी करत होता तेव्हा विचारलं. हे तुझं का? आरशातूनच म्हणाला, “रिकामंय ना? मग काढ.” मी म्हटलं, तेव्हा मी नव्हते, तू एकटाच बघत होतास, काही केलं होतंस का? तर म्हणाला, तेव्हा मी किती गोष्टी एकटा ओढत होतो, कोण लक्षात ठेवतंय. बोलता बोलता हनुवटीला कापलं त्यानं. मला उगीच वाईट वाटलं. आईच्या त्या दिवसांत याच्यावर खरंच फार पडलं होतं.

शुक्रवार, २९ मार्च

तात्याचं म्हणणं होतं, काढू नका, नुसतं नाव बदलून महिनाभर ठेवू. कुठं काही ओरडलं तर कळेल. मलाही ते पटलं होतं. पण सोमवारी विकत घेणाऱ्यांचा तज्ज्ञ बघायला येणार. याचं म्हणणं, अडगळ चादरीखाली झाकून ठेवली तर पाहुणे चादर उचलूनच बघतात. वर तात्यासमोर म्हणाला, “तुझा स्वतःच्या शोधावर विश्वास नाही का?”

ते लागलं. दुपारी सगळी मढी काढून टाकली. काही ओरडलं नाही.

सोमवार, १ एप्रिल

तज्ज्ञ आला. बोलायला कमी, बघायला बारीक. मॉडेलांचं फोल्डर उघडून एक एक फाइल वाचत गेला. शेवटी म्हणाला, असं नेटकं काम लहान कंपन्यांत बघायला मिळत नाही. हा म्हणाला, “आम्ही पहिल्यापासून शिस्तीचे.” मग माझी ओळख करून दिली: “आतलं सगळं या बघतात. घरातलं पण.” सगळे हसले. मीही हसले.

घरी लेकीला सांगितलं. ती चौदाची आहे. म्हणाली, म्हणजे तू एवढे दिवस कपाट आवरत होतीस. हो म्हटलं, कपाटच.

मंगळवार, ९ एप्रिल

जमेल तेवढं लिहिते.

सकाळी मेट्रनबाईंचा फोन. आरसाकाका न्हाणीघरात पडले, डोक्यात रक्तस्राव झाला आहे. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. डॉक्टरांनी गेल्या बुधवारी ती निम्म्यावर आणली होती. ताईंनी फोन घेतला, नोंद केली. पण नर्सच्या पानावर जुनीच मात्रा दिसत राहिली आणि पोरी रोज पूर्ण गोळी देत राहिल्या.

 नर्सच्या पानावरची औषधं ज्यातून येतात ते सूचनांचं टेबल उघडलं, बुधवारची ओळच नाही. ताई खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. मी कोडमध्ये वरखाली शोधत बसले. फोन अजून माझ्या कानाला होता तेव्हाच हा मात्र गाडीची किल्ली घेऊन उठला होता. कुठं विचारलं तर म्हणाला, ताईंच्या मशीनकडे. मला तर ते मशीन डोक्यातही आलं नव्हतं. दुपारी फोन आला, सापडलं, त्यांच्या मशीनवर एक जुना छोटा प्रोग्रॅम होता, तो ‘तात्पुरते दोन’ मध्ये लिहीत होता. टेबल गेलं तरी तो गुपचूप ‘नोंद झाली’ म्हणत राहिला. आता सरळ सूचनांच्या टेबलात लिहितो असं करून दिलंय.

मला निम्मंच कळलं. टेबल रिकामं होतं, तर त्यातून नर्सच्या पानापर्यंत काय जात होतं? विचारलं तर म्हणाला, आत्ता ते महत्त्वाचं आहे का. नव्हतंच. संध्याकाळपर्यंत ताई, तात्या आणि मी मिळून त्या दिवसांत फोन आलेल्या प्रत्येक घरी फोन केले. आणखी काही बदल हरवले होते, पण कुणाला अपाय झाला नव्हता.

इतक्या गोंधळात याला नेमकं तिथंच जायचं कसं सुचलं! इतकी वर्षं नुसत्या बैठका करतोय, पण नजर अजून तशीच आहे. मी याला मनातल्या मनात विक्रेता समजायला लागले होते. चुकलं माझं.

बुधवार, १० एप्रिल

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आहेत. उजवी बाजू हलत नाही. बोलता येत नाही.

टेबल मी काढलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

संस्थेत बैठक. मेट्रनबाई, काकांची मुलगी, हा आणि मी. जाताना गाडीत हा म्हणाला, तू बोललीस तर बरं. काढलंस तू, प्रश्न आले तर उत्तरं तुला देता येतील. मी बोललो तर टाळाटाळ वाटेल. मला पटलं. खरं बोलायला आपणच पुढं व्हावं.

मुलगी साधारण माझ्याच वयाची. रडून झालेला चेहरा. तिनं एकच विचारलं. “काढायच्या आधी तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं का?”

मी याच्याकडे बघितलं. हा मेट्रनबाईंच्या मागच्या खिडकीकडे बघत होता. मी म्हटलं, “मी शोधलं होतं. मला कुठं सापडलं नाही. टेबल मी काढलं.” मेट्रनबाई टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, याचंच मला नवल वाटलं. एरवी त्या पान दोन मिनिटं उशिरा उघडलं तरी आमची सालं काढतात.

मग हा म्हणाला की कंपनी म्हणून आम्ही पूर्ण जबाबदारी घेतो, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर. त्या हाताचा फार आधार वाटला.

शनिवार, २० एप्रिल

विकत घेणाऱ्यांना यानं कळवलं आहे: एका व्यक्तीच्या हातून चूक झाली, त्या व्यक्तीला सिस्टिमपासून दूर केलं आहे. ते वाक्य यानं मला आधी वाचून दाखवलं. व्यक्ती म्हणजे मी. म्हणाला, शब्दांना काय, त्यांच्या वकिलांना असंच लागतं. माझे पासवर्ड तात्याकडे दिले. तात्या घेताना खाली बघत होता.

हा घरात एकदम मवाळ झालाय. चहा करून देतो, लेकीवर ओरडत नाही, माझ्यासाठी पाठीला लावायची उशी घेऊन आला. मी दिवसभर घरात असते. कपडे वाळत घालते, काढते. कालचे वाळलेले नसले तरी काढते. याला माझ्यामुळे काय काय ऐकून घ्यावं लागत असेल. मी त्याचं वाटोळं केलं आणि तो उशी आणतो.

बुधवार, २४ एप्रिल

ताईंची माफी मागायला गेले होते. त्या दिवसापासून त्यांनाही झोप नाही, नोंद आपणच केली नसेल की काय असं वाटून. म्हटलं, निदान समोर जाऊन सांगावं, ताई, तुमचं काही चुकलं नाही.

त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही तरी का स्वतःला लावून घेता? ते तुमचं नव्हतंच. सरांनी बसवलं होतं.”

मला वाटलं परवाच्या दुरुस्तीबद्दल बोलतायत. नव्हे. चार वर्षांपूर्वीचं. तेव्हा आमच्या पानावरून नोंद करायला फार वेळ लागायचा, ताईंनी तक्रार केली, आणि हा दोन दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. ती निळी खिडकी यानं केली. ताईंनी सगळं सांगितलं, अगदी त्यानं तेव्हा किती कप चहा प्यायला तेही. निघताना म्हणाला होता, “हे तात्पुरतं आहे. आमच्या बाईंना सांगू नका, नियम मोडला म्हणून रागावतील. त्या परत आल्या की नीट करतील.”

मी विचारलं, हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत? म्हणाल्या, मेट्रनबाईंना, काका पडले त्याच दिवशी.

ऑफिसात गेले. तात्याला जुना डेटाबेस, म्हणजे टेबलं काढण्याआधी जपून ठेवलेली प्रत, उघडायला लावला, माझ्याकडे आता पासवर्ड नाही. या वेळी फाइलींत न शोधता डेटाबेसच्या पोटात बघितलं. होता. ‘तात्पुरते दोन’ वर बसलेला ट्रिगर. ओळ आली की ती सूचनांच्या टेबलात टाकायची आणि इथून पुसायची. म्हणून टेबल कायम रिकामं. कोड चांगला लिहिलाय. नेटका. तो लिहायचा तेव्हा असाच लिहायचा.

तात्या म्हणाला, “काका पडल्यावर मी हे बघितलं होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. वाटलं, दोष तुम्ही घ्यायचा असं दोघांनी मिळून ठरवलंय.”

गुरुवार, २५ एप्रिल

हा शर्टाला इस्त्री करत होता. लेक शिकवणीला गेली होती. मी सांगितलं, ताईंकडे गेले होते. त्यानं इस्त्री उभी केली, प्लग काढला. नाही म्हटलं नाही, त्याबद्दल आभार मानावेत का?

“तू विचारलंस तेव्हा खरंच आठवलं नव्हतं,” म्हणाला.

“आणि काका पडले त्या मंगळवारी?”

“तेव्हा आठवलं. तू फोनवर होतीस तेव्हाच.”

 मी विचारलं, मग त्या खोलीत, त्या मुलीसमोर का बोलला नाहीस? तो बराच वेळ शर्टाच्या कॉलरवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, सांगून त्या माणसाचं डोकं दुरुस्त होणार होतं का? एकाचं नाव खराब होतं ते दोघांचं झालं असतं. विकणारा मी आहे. माझं नाव गेलं की सगळंच गेलं. तुझं काय, तुला लोक ओळखतच नाहीत.

हे त्यानं दुखवायला म्हटलं नाही. हिशेब सांगावा तसं म्हटलं. म्हणूनच जास्त लागलं.

तो खांद्यावरचा हात आठवला. आता वाटतं, मी तिथून उठू नये म्हणून होता तो.

“पुढच्या गुरुवारी सह्या आहेत,” म्हणाला. “तेवढं होऊ दे. मग तुला हवं ते बोल मला.” आणि पुन्हा इस्त्रीचा प्लग लावला.

रविवार, २८ एप्रिल

काकांच्या घरी गेले. कळवून गेले नाही, कळवलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं.

मुलीनं दारातच ऐकून घेतलं. मी सगळं सांगितलं: ते टेबल का होतं, त्यावर काय लपलं होतं, कुणी लपवलं, मी विचारलं तेव्हा काय उत्तर मिळालं, आणि त्या दिवशी त्या खोलीत कुणाकुणाला ठाऊक होतं. बोलताना माझ्या लक्षात येत होतं की मी फार नीट सांगते आहे. क्रमानं. जणू माझी बाजू मांडायला आले होते.

ती म्हणाली, “मला का सांगताय? तुमच्या घरातलं तुम्ही बघा. आत बाबा आहेत, त्यांना सांगा जाऊन. त्यांना सगळं कळतं.”

खिडकीशी पलंग. काका उशांना टेकून बसलेले, उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. माझ्याकडे नीट बघितलं. मी स्टुलावर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी अडखळत. माझ्या नवऱ्यानं केलं होतं, मला माहीत नव्हतं, मी विचारलं होतं, तो काढ म्हणाला. थांबले.

काकांनी ओठ जुळवले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “मग?”

 त्यांनी पुन्हा म्हटलं, “मग?”

मागून मुलगी म्हणाली, “एवढा एकच शब्द राहिलाय त्यांना. पाणी हवं असलं तरी तोच म्हणतात.” आणि तिनं त्यांना पेल्यानं पाणी पाजलं. त्यांनी ते प्यायलं. पण नजर माझ्यावरून हलवली नाही, आणि पाणी पिऊन झाल्यावर परत म्हणाले, “मग?”

जिना उतरून रस्त्यावर आले तरी मी मनात उत्तर जुळवत होते. मग काय? मग तात्या थांबा म्हणत होता. मलाही थांबावंसं वाटत होतं. पण नवऱ्यानं चारचौघांत टोचलं आणि मी त्याला दाखवायला म्हणून टेबल काढलं. नियम मोडला त्यानं. त्या नियमावर डोळे मिटून विसंबले मी. पोटात बघायला दोन मिनिटं लागली असती.

गुरुवार, २ मे

सह्यांना गेले. हा खुशीत नव्हता, पण सुटल्यासारखा दिसत होता. मोठी काचेची खोली, तो तज्ज्ञ, त्यांचे वकील. कागद फिरत फिरत माझ्यापुढं आला. मी पेनाला हात लावला नाही. म्हटलं, तुम्हाला कळवलेलं अर्धंच आहे. टेबल मी काढलं, ते खरं आहे. पण त्याच्यावर काय आहे ते यांना माहीत होतं, कारण ते यांनीच लावलं होतं. बैठकीच्या दिवशी हे तिथंच बसले होते.

कुणी आवाज चढवला नाही. वकिलानं कागद गोळा करून कडा जुळवल्या. तज्ज्ञानं याला विचारलं, खरं आहे का? हा म्हणाला, “त्यांची सध्या मनःस्थिती ठीक नाही.”

 तज्ज्ञानं तात्याला फोन लावून जुना डेटाबेस बघायला मागितला.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. हा आकड्यांकडे बघत होता, मी त्याच्या कॉलरकडे. कडक इस्त्री. खाली पोचल्यावर म्हणाला, “बरं वाटलं?”

नाही वाटलं. तसं सांगितलंही.

सोमवार, १३ मे

व्यवहार मोडला. हा त्याच्या बहिणीकडे राहायला गेला. नणंदेचा फोन आला होता. नवऱ्याला चारचौघांत नागवा करणारी बायको तिनं पहिल्यांदाच पाहिली म्हणे. मी ऐकून घेतलं.

लेक तिसऱ्या दिवशी बोलली. “तुला काय मिळालं?” मी विचार करून म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, “बाबा फोनवर रडत होते.” मग खोलीचं दार लावून घेतलं. ती माझ्यावर चिडलीय की त्याच्यावर, की आम्हा दोघांवर, हे तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.

मेट्रनबाईंनी बोलावून सांगितलं, दुसरी व्यवस्था होईपर्यंत सिस्टिम तुम्हीच चालवा. मी म्हटलं, तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही आपणहून अंगावर घेतलंत. प्रकरण तिथंच मिटत होतं. मला रोज एवढ्या घरांत पोरी पाठवायच्या असतात, बाई.” त्यांच्या आवाजात शरम नव्हती, दमलेपण होतं. निघताना एक अट घातली: यापुढं फोनवर आलेला औषधातला प्रत्येक बदल नर्सच्या पानावर पोचला की नाही, ते मी स्वतः नर्सला फोन करून विचारायचं.

गुरुवार, ६ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. सकाळी ऑफिस, तात्या आणि मी. त्या निळ्या खिडकीचं काम आता सरळ आमच्या पानातून होतं, त्याचं मॉडेल बाकीच्यांच्या शेजारी फोल्डरात आहे. पोटातलं सगळं तपासलं, तिथं आता काही नाही. याच्या खुर्चीवर तात्या पिशवी ठेवतो. मी काही म्हणत नाही.

बदल आला की ताई मला कळवतात, मी नर्सला फोन लावते. दिसलं का विचारायचं, दिसलं म्हटलं की ठेवायचं. दिवसभर तेच. पोरी वैतागतात. माझा आवाज ओळखून आधीच ‘दिसलं, दिसलं’ म्हणतात, तरी मी वाचून दाखवायला लावते.

आज दुपारी ताईंचा फोन आला. नेहमी त्या आधी बदल सांगतात, मग नाव. आज आधी नाव सांगितलं, आरसाकाका. मग म्हणाल्या, “सगळ्या भेटी बंद करायच्यात. आजपासून. पहाटे गेले.”

मी बरं म्हटलं. नोंद आलेली बघितली. मग त्यांच्याकडे जाणाऱ्या नर्सला फोन लावला. ती रस्त्यात होती, मागे गाड्यांचे आवाज. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, पान उघड, आरसाकाकांचं बघ.

 गाड्या जात राहिल्या.

“दिसलं?” मी विचारलं.

“दिसलं,” ती म्हणाली.

“वाचून दाखव.”